बीजांडं अंडाशयात चिकटतात कुठे? खानदेशच्या शेतमालावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावीत गेलं की प्लॅसेंटेशनचे, म्हणजे बीजांडविन्यासाचे, पाच-सहा प्रकार पाठ करायला येतात. पुस्तकातली उदाहरणं असतात डायन्थस आणि प्रिम्युला. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या किती मुलांनी प्रिम्युला पाहिली असेल? कपाशीची कैरी (म्हणजे हिरवं बोंड), पपई, मिरची आणि भरताचं वांगं मात्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून इथली उत्तरं शेतातल्या आणि स्वयंपाकघरातल्या मालावरून दिली आहेत. परीक्षेला लागणारी इंग्रजी नावं जागोजागी आली आहेत.

बीजांडविन्यास म्हणजे नेमकं काय?

फुलाच्या स्त्रीकेसराचा खालचा फुगीर भाग म्हणजे अंडाशय. त्याच्या आत बीजांडं असतात. फलन झालं की अंडाशयाचं फळ होतं आणि बीजांडाचं बी. बीजांड आत सुटं पडलेलं नसतं. बारीकशा देठाने ते एका ठरावीक जागी चिकटलेलं असतं आणि त्याचं पाणी-अन्न तिथूनच येतं. या जागेला अपरा म्हणतात. अपरा भिंतीवर आहे, मधल्या अक्षावर आहे, तळाशी आहे की शिवणीवर आहे, यावरून बीजांडविन्यासाचे प्रकार पडतात.

चवळीच्या दाण्यावर काळा डोळा असतो, वालाच्या दाण्याच्या कडेला पांढरी जाड रेघ असते. देठ सुटल्याची खूण तिथेच असते.

कोणता प्रकार हे ओळखायचं कसं?

आडवा काप आणि उभा काप, दोन्ही घ्या. नुसत्या आडव्या कापावर भरवसा ठेवणारे हमखास चुकतात, कारण तळाशी चिकटलेलं बीजांड आडव्या कापात कुठून आलं ते कळत नाही. आधी कप्पे मोजा. कप्पे अनेक, पडदे मध्यापर्यंत पोचलेले आणि बिया मध्याला लागलेल्या असतील तर तो अक्षीय, म्हणजे अ‍ॅक्झाइल. कप्पा एकच आणि बिया कडेच्या भिंतीला असतील तर भित्तीय, परायटल. कप्पा एकच, पण बिया मधल्या सुट्या खांबाला असतील तर मुक्त मध्यवर्ती, फ्री सेंट्रल. बीजांड एकटंच आणि बुडाशी असेल तर तलस्थ, बेसल. शेंगेसारख्या एकाच शिवणीवर ओळीने लागलेली असतील तर सीमावर्ती, मार्जिनल.

पिकलेल्या फळापेक्षा कोवळं फळ घ्यावं. पिकताना गर फुगतो, पडदे विरघळतात आणि मूळ रचना झाकली जाते.

हरभरा, तूर, चवळी या सगळ्यांत एकच प्रकार असतो का?

हो, सगळ्यांत सीमावर्ती. शेंगवर्गीय फुलात स्त्रीकेसर एकाच किंजदलाचं असतं. किंजदल म्हणजे मुळात मधल्या शिरेवर दुमडून कडा जुळवलेलं पानच. कडा जिथे जुळतात त्या शिवणीवर बीजांडं लागतात. समोरची दुसरी रेघ ही त्या पानाची मधली शीर, तिथे एकही बी नसते.

तुरीची हिरवी शेंग हलक्या हाताने उघडून पाहा. निम्मे दाणे एका फोलपटाला राहतात, निम्मे दुसऱ्याला, आणि तेही आळीपाळीने. जुळलेल्या दोन कडांपैकी प्रत्येकीवर बीजांडांची आपली ओळ असते, म्हणून तसं होतं. हरभऱ्याच्या घाट्यात दाणे एक-दोनच असल्याने ते इतकं स्पष्ट दिसत नाही, पण शिवण तीच.

भुईमूगही याच घरातला. फूल जमिनीवर येतं, मग आरी, म्हणजे अंडाशयाखालचा दांडा, खाली वाढत मातीत शिरते. अंडाशय त्या आरीच्या टोकाशी असतो आणि शेंग मातीत पोसते. आऱ्या सुटताना माती भुसभुशीत ठेवायची ती यासाठीच.

मग शेवग्याची शेंगही याच गटातली?

नाही. शेंग म्हटलं म्हणून ती शेंगवर्गीय होत नाही. शेवग्याची शेंग आडवी कापली तर तिला तीन बाजू दिसतात, कारण तीन किंजदलं कडेने एकमेकांना जोडून एकच पोकळ कप्पा तयार झालेला असतो. बीजांडं त्या तीन जोडांवर, आतल्या भिंतीला लागतात. म्हणजे विन्यास भित्तीय. वाळल्यावर शेंग तीन फाळ्यांत उकलते, तर तुरीची दोन.

याउलट बहाव्याची हातभर लांब नळीसारखी काळी शेंग खरी शेंगवर्गीय. आत प्रत्येक बी वेगळ्या कोठडीत दिसते, पण ते आडवे पडदे नंतर वाढतात. बिया एकाच शिवणीवर असतात.

कपाशीच्या बोंडात काय असतं?

खानदेशात अक्षीय विन्यास शिकवायला याहून चांगला नमुना मिळायचा नाही. हिरवी कैरी मधोमध आडवी कापा. चार किंवा पाच कप्पे दिसतील, देशी कपाशीत बहुधा तीन-चार. पडदे मध्यापर्यंत आलेले आणि प्रत्येक कप्प्याच्या आतल्या कोपऱ्यात बीजांडं लागलेली. बियाण्याच्या दुकानात "पाच पाकळीचं बोंड" म्हणून वाणाची जाहिरात लावतात, त्यातली पाकळी म्हणजे हाच कप्पा. फुलाच्या पाकळीशी तिचा संबंध नाही.

आता खरी गंमत. आपण ज्याला कापूस म्हणतो ते बीजांडाच्या बाहेरच्या सालीवरचे केस आहेत. एक धागा म्हणजे लांबलचक वाढलेली एकच पेशी. फूल उमलतं त्याच दिवशी बीजांडाच्या सालीतल्या काही पेशी उंचवटे धरून वाढायला लागतात. फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं तोवर काम सुरू झालेलं असतं. अमेरिकन कपाशीत धाग्याची लांबी साधारण 25 ते 30 मिलिमीटर भरते आणि एका सरकीवर असे हजारो धागे असतात. म्हणजे जिनिंगमध्ये होतं काय, तर बीजांडाचे केस बियांपासून वेगळे करणं! जिल्ह्याचं अर्थकारण बीजांडाच्या सालीवर उभं आहे, हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

गुलाबी बोंडअळीचा माग काढतानाही हे कप्पे उपयोगी पडतात. अळी आत शिरली की सरकी खाते. एका कप्प्यातलं संपलं की पडद्याला भोक पाडून शेजारच्या कप्प्यात जाते. कैरी फोडली आणि पडद्यावर गोल भोक दिसलं, तर अळी दिसो न दिसो, ती येऊन गेली समजा. फुलाच्या वेळी डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेल्या कळ्या, दिसल्या तेव्हाच खरं तर सावध व्हायला हवं होतं.

केळ्यात बी नसतं. मग बीजांडविन्यास कसा सांगायचा?

बी नसलं तरी बीजांडं असतात. केळं आडवं कापलं की मध्याभोवती बारीक काळपट ठिपके दिसतात, ती न वाढलेली बीजांडं. सोललेलं केळं उभं दाबत बोटाने फाकवलं तर ते बरोब्बर तीन भागांत सुटतं. तीन किंजदलं, तीन कप्पे, मध्याला लागलेली बीजांडं, म्हणून अक्षीय.

रावेर, यावल, सावदा, फैजपूरकडे दिसणारी ग्रँड नाईन केळी त्रिगुणित आहे. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे 33 गुणसूत्रं. रानकेळीत 22 असतात. तीन संच नीट विभागले जात नाहीत, त्यामुळे बी धरत नाही, पण परागण न होताही फळ पोसतं. रानकेळीच्या फळात मात्र काळ्या टणक बिया खच्चून भरलेल्या असतात, गर नावाला. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या केळ्यातले ते ठिपके कुणी मोजत नाही, पण प्रात्यक्षिकाच्या वहीत काढायला ते छान आहेत. कोवळी रचना पाहायची तर केळफुलाच्या पहिल्या फण्यांतलं मादी फूल घ्या.

वांगं, टोमॅटो आणि मिरची एकाच कुळातली. मग ती आतून इतकी वेगळी का दिसतात?

तिन्हींचा विन्यास अक्षीय आहे, फक्त अपरा फुगते ती वेगवेगळ्या तऱ्हेने. या कुळात फुगीर अपरा आणि तिरका पडदा ही ओळखण्याची खूण आहे.

टोमॅटोत बियांभोवतीचा बुळबुळीत रस्सा अपरेपासून तयार होतो. गावठी टोमॅटोत कप्पे दोन-तीन दिसतात, मोठ्या सपाट फळात कितीतरी जास्त.

वांग्यात अपरा स्पंजासारखी फुगून अंडाशयाची सगळी पोकळी भरून टाकते आणि बिया तिच्यात रुतून बसतात. भरीत म्हणून आपण खातो त्यातला मोठा वाटा या अपरेचा, बाकीचा फळाच्या भिंतीचा. खानदेशी भरताचं हिरवट पांढरं मोठं वांगं इतकं मऊ भाजतं ते एक तर गर भरपूर आणि दुसरं म्हणजे बी कमी म्हणून. जून झालेल्या वांग्याचं भरीत दाताखाली कचकच लागतं, ते बी पक्की झाल्यामुळे. अशा वांग्यावर शेंगदाणे आणि हिरवी मिरची वाया घालवू नये, हे माझं मत.

मिरचीत अपरा पांढरी आणि लांबट असते. देठाजवळ आडवा काप घेतला तर पडदा मध्यापर्यंत पोचलेला दिसतो, दोन किंवा तीन कप्पे. टोकाकडे काप घेतला तर पडदा अर्धवट सुटलेला असतो आणि कप्पा एकच वाटतो. एकाच मिरचीवर दोन विद्यार्थ्यांची दोन उत्तरं येतात ती यामुळे. उत्तर अक्षीय लिहावं आणि काप देठाजवळचा दाखवावा.

मिरचीचा तिखटपणा बियांत असतो ना?

बियांत नसतो. तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, तयार होतं पांढऱ्या अपरेच्या आणि पडद्यांच्या वरच्या थरातल्या पेशींत. बिया तिलाच चिकटलेल्या असल्याने त्यांना ते लागतं, म्हणून बी चावली की झणका बसतो. खात्री करायची असेल तर बिया अलगद वेगळ्या करून पाण्याने धुवा आणि मग चाखा. नंदुरबारच्या पथारीवर लाल मिरची वाळत पडलेली असते, तिच्यातली एक उभी फाडा. वाळल्यावरसुद्धा पिवळट अपरा वेगळी ओळखू येते.

पपईच्या बिया कशाला लागलेल्या असतात?

भिंतीला. पाच किंजदलं कडेने जुळून एक मोठा पोकळ कप्पा होतो. पपई आडवी कापली की पोकळी पाच टोकांच्या चांदणीसारखी दिसते. बियांच्या रांगा आतल्या भिंतीवर, मधे काहीच नाही. शहाद्याकडची कुठलीही पपई घ्या, भित्तीय विन्यास उघड्या डोळ्यांनी दिसतो. चमच्याने बिया खरवडताना प्रत्येक बीचा देठ तुटलेला जाणवतो.

मोहरी आणि मुळ्याची डिंगरी याही भित्तीयच, पण त्यांच्यात मधे पातळ पारदर्शक पडदा असतो, त्यामुळे कप्पे दोन वाटतात. हा खोटा पडदा. तो अपरेपासूनच वाढून आलेला असतो, किंजदलांच्या भिंती आत वळून तयार झालेला नसतो. बिया त्या पडद्याच्या चौकटीला, कडेला लागतात. शेताच्या बांधावरच्या पिवळ्या धोत्र्याचं काटेरी बोंडही भित्तीय. पांढऱ्या धोतऱ्याचं प्रकरण मात्र निराळं. तो वांग्याच्या कुळातला, किंजदलं दोनच, पण खोट्या पडद्यामुळे कप्पे चार, आणि विन्यास अक्षीय.

काकडी, गिलकं, टरबूज, गंगाफळ यांचा प्रकार कोणता? एका पुस्तकात भित्तीय आहे, दुसऱ्यात अक्षीय.

परीक्षेत भित्तीय लिहा. गोंधळ का होतो ते काकडीची चकती पाहिली की कळेल. तीन अपरा भिंतीपासून निघून पार मध्यापर्यंत येतात, तिथे एकमेकींना टेकतात आणि मग फाटे फोडून पुन्हा बाहेरच्या बाजूला वळतात. बिया त्या वळलेल्या टोकांवर असतात. मध्याला टेकलेलं पाहणारा अक्षीय म्हणतो, उगम पाहणारा भित्तीय. माझ्या मते दुसऱ्याचं बरोबर आहे. टरबुजाचा लाल गर बराचसा या फुगलेल्या अपरेचाच असतो, म्हणून बिया गरात विखुरलेल्या वाटतात.

काकडी वाकडी का होते, हेही इथेच सांगून टाकतो. परागण पुरेसं झालं नाही तर एका बाजूच्या बीजांडांचं फलन होतं आणि दुसरीकडची तशीच राहतात. वाढणारी बी आजूबाजूच्या गराला वाढीची संप्रेरकं पुरवते. जिथे बी नाही तिथे फळ कमी फुगतं आणि आकार बिघडतो. वाकडेपणाची आणखीही कारणं असतात, पाण्याचा ताण हे एक. पण फुलोऱ्याच्या काळात सकाळी सकाळी फवारणी करून मधमाश्या पळवल्या तर वाकडी, टोकाला निमुळती फळं वाढणारच.

मुक्त मध्यवर्ती प्रकाराचं आपल्याकडचं उदाहरण आहे का?

पावसाळ्यात शेतात उगवणारी घोळाची भाजी. तिचं बोंड अगदी लहान असतं आणि पिकलं की वरचं झाकण गोल सुटून पडतं. झाकण सुटण्याआधीचं बोंड भिंगाखाली सुईने उघडा. मधून वर आलेल्या देठांवर बारीक बीजांडं दिसतात, बाजूच्या भिंतीपर्यंत पडदा नाही. खोलीच्या मधोमध खांब उभा आहे आणि तो भिंतींना कुठेही टेकलेला नाही, तसंच. कुंडीतलं ऑफिस टाइमचं फूल याच घोळाचं भावंड, त्यातही तसंच दिसतं. काही पुस्तकं घोळाला तलस्थाकडे झुकवतात, कारण हा मधला भाग बुडापासूनच फाटे फोडतो. त्यामुळे लेखी परीक्षेत डायन्थस लिहिलेलं सुरक्षित.

डायन्थसच्या अगदी कोवळ्या अंडाशयात तळाशी पडद्यांचे अवशेष दिसतात. म्हणजे हा प्रकार मूळच्या अक्षीय रचनेतले पडदे नाहीसे होऊन आलेला आहे.

सूर्यफूल, ज्वारी, मका: दाणा एकच, तर त्याला प्रकार कशाला?

सूर्यफुलाची चकती म्हणजे शेकडो बारक्या फुलांचा मेळा. त्या प्रत्येक बारक्या फुलाच्या अंडाशयात एकच कप्पा आणि बुडाशी एकच बीजांड, म्हणून तलस्थ. झेंडू आणि करडई तशाच. आपण सूर्यफुलाची बी म्हणतो ते खरं तर आख्खं फळ आहे, आतला पांढरा मगज ही बी. फलन झालं नाही तर टरफल वाढतं पण आत काही नसतं. तीच पोची बी.

ज्वारी, बाजरी, मका यांच्यातही बीजांड एकच. पुस्तकं त्याला तलस्थ म्हणतात. बारकाईने पाहिलं तर ते भिंतीच्या एका बाजूला तळाजवळ लागलेलं असतं, पण अकरावीपुरतं तलस्थ पुरे. दादर ज्वारी काढणीला आली का हे पाहताना दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका शोधतात. दाण्याला अन्न पोचवणारी वाट तिथे बंद झालेली असते. ठिपका दिसला की दाणा पोसून झाला, आता फक्त वाळायचा. मक्याच्या दाण्यातही बुडाशी असाच काळा थर दिसतो.

मक्याच्या कणसावरचा प्रत्येक केस एकेका अंडाशयाचा. ज्या केसावर पराग पडला नाही त्याचा दाणा भरत नाही, म्हणून कणसात मधेमधे मोकळ्या जागा राहतात. कपाशीच्या कप्प्यात एखादं बीजांड वाया गेलं तरी बाकीची असतात. मक्याच्या अंडाशयाला दुसरी संधी नाही.

सातपुड्यातलं सीताफळही इथेच बसवा. त्याच्या प्रत्येक डोळ्यामागे एक स्वतंत्र किंजदल, त्यात बुडाशी एक बीजांड, आणि अशी कितीतरी किंजदलं मिळून एक फळ.

लिंबाची आणि मोसंबीची फोड म्हणजे काय?

एक फोड म्हणजे एक किंजदल. बिया आतल्या कोपऱ्यात, अक्षाला लागतात, म्हणून अक्षीय. रसाच्या पाकळ्या मात्र अपरेपासून येत नाहीत. त्या कप्प्याच्या भिंतीवरून आत वाढलेल्या, रसाने भरलेल्या केसांसारख्या पिशव्या असतात.

डाळिंबाचा प्रश्न नेहमी चुकतो. खरं उत्तर काय?

डाळिंब दोन मजली आहे. खालच्या मजल्यावर साधारण तीन कप्पे, तिथे अक्षीय. वरच्या मजल्यावर पाच-सहा कप्पे, तिथे बिया बाहेरच्या भिंतीला लागलेल्या, म्हणजे भित्तीय. साक्रीकडच्या बागेतलं एक फळ उभं कापा, पातळ पडद्याने वेगळे केलेले दोन थर दिसतील. लाल रसाळ भाग हे बीचंच बाहेरचं आवरण, त्यामुळे डाळिंब खाताना गराऐवजी आपण बीची साल चोखत असतो. एका शब्दात उत्तर मागणारा प्रश्न डाळिंबावर विचारूच नये. विचारलाच असेल तर पर्याय नीट वाचा.

पृष्ठीय, म्हणजे सुपरफिशियल, प्रकार कुठे दिसतो?

तळ्यातल्या कुमुदिनीत. बीजांडं पडद्यांच्या सगळ्या पृष्ठभागावर विखुरलेली असतात. कमळ वेगळं. कमळाच्या शंकूसारख्या तबकात प्रत्येक खळग्यात एक सुटं किंजदल आणि त्यात एकच बीजांड असतं.

ऑर्थोट्रॉपस, अ‍ॅनाट्रॉपस हेही याचेच प्रकार का?

नाहीत. ते एकेका बीजांडाच्या आकाराचे प्रकार आहेत: बीजांड देठावर ताठ उभं आहे की उलटं वळलेलं. विन्यास म्हणजे ते चिकटलंय कुठे. प्रश्नपत्रिकेत दोन्ही शेजारी शेजारी देतात, तेव्हा सांभाळा.

प्रात्यक्षिकासाठी नमुने केव्हा आणि कोणते आणावेत?

जुलै-ऑगस्टमध्ये घोळ, भेंडी आणि जास्वंद. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कपाशीची कैरी आणि चवळीच्या शेंगा. थंडीत तूर, हरभरा, मोहरी, वांगं, सूर्यफूल. पपई आणि केळं बाराही महिने. भेंडीची चकती सर्वांत सोपी, पाच कप्पे सुरेख दिसतात, पण चिकट द्रव ब्लेडला लागतो, तो दर कापानंतर पुसा. कपाशीच्या कैरीवर फवारणी झालेली असते, ती धुऊनच वर्गात न्या.

दहापट भिंग पुरेसं आहे, सूक्ष्मदर्शक फक्त घोळ आणि सूर्यफुलाच्या बारक्या फुलासाठी लागतो. कापाला पाण्याचा थेंब द्या, नाहीतर वांग्याचा काप चित्र काढून होईपर्यंत काळा पडतो. मिरची सगळ्यात शेवटी कापा आणि त्याआधी बोटांना थोडं तेल लावा. कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून नुसत्या पाण्याने हात धुऊन डोळे चोळणारा विद्यार्थी दरवर्षी एक तरी निघतोच.